जादा उत्तर

स्क्रीनवर प्रश्न होता, ‘पॅकिंग, कोण आहे?’ त्याच्याखाली पिवळं बटण. दाबायला मी हात पुढं केला, तेवढ्यात प्रश्न गेला आणि त्या जागी दुसरी अक्षरं आली, ‘उत्तर मिळाले.’

उत्तर आम्ही दिलं नव्हतं. मी आणि मालन कोल्ड रूमच्या आत होतो आणि बाहेरच्या बोळात अमोनिया सुटला होता. ज्यांनी डेअरी आतून बघितली नाही त्यांना सांगते. दूध थंड ठेवायला नळ्यांतून हा वायू फिरवतात. नळीत आहे तोवर गुणाचा. बाहेर आला की डोळे, नाक, घसा, काही ठेवत नाही. आम्ही दार वीतभर उघडून बघितलं होतं. बोळात पांढरं धुकं होतं. एक भपकारा आत आला तेव्हा दार ओढून लावलं. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तशातच मी ती अक्षरं वाचली.

मालन म्हणाली, “उत्तर कुणी दिलं?”

“कुणी का देईना. आपली मोजदाद झाली. येतील आता.”

हे मी म्हणाले. मालन तिशीची, मी पन्नाशीची. माझं ऐकायची तिला सवय होती, म्हणून ती थांबली.

मग दिवे गेले. बाहेर कुणीतरी मेन स्विच पाडला असणार. स्क्रीन बॅटरीवर चालत होता, त्याच्या उजेडात मालनचं तोंड तेवढं दिसत होतं. दाराच्या फटीतून वास यायला लागला. कुणी येईना. मी बटण दाबलं. तीच अक्षरं, ‘उत्तर मिळाले.’ परत दाबलं. तेच. मग मला राग आला आणि मी त्या बटणावर मुठीनं चारपाच वेळा हाणलं. मागं वळले तर दार उघडं होतं आणि मालन नव्हती.

हे बटण, हा स्क्रीन आणि हा प्रश्न ज्यांनी बसवला, त्या माणसाबद्दल मी लिहिते आहे.

त्यांचं नाव ईराण्णा. आम्ही ईराण्णा सर म्हणायचो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक खाजगी डेअरी होती, तिथं ते कॉम्प्युटरचे साहेब होते. डेअरी आता नाही, त्या शेडमध्ये दुसरंच काहीतरी बनतं. मी कळंब्याहून कंपनीच्या बसनं जायची. काम क्रेट धुण्याचं आणि भरलेले क्रेट कोल्ड रूममध्ये रचण्याचं. शाळा माझी चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहायला वेळ लागतो.

सर आले ते दोन हजार साल उलटल्यावर. निपाणीच्या पलीकडचे, लिंगायत, घरी कापडाचं दुकान. घरात कन्नड, बाहेर मराठी. वायर चुकीची लागली की तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये काहीतरी म्हणायचे. ते काय होतं ते मी कधी विचारलं नाही, पण चांगलं नसावं. अंगानं काटकुळे. चष्म्याला मागून दोरी बांधलेली. खुर्चीत बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा बघितलं. जिथं वायर तिथं उकिडवे बसायचे.

पहिल्या दिवशी ते आमच्या क्रेट धुण्याच्या जागेत असेच बसले होते. मला पाईप चालवायचा होता. मी म्हटलं, “पावणं, उठा, न्हाईतर भिजशीला.”

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. हातातली वायर डोक्याच्या वर धरली आणि म्हणाले, “सोडा पाणी.”

मी सोडलं. माणूस भिजला, वायर कोरडी राहिली. पाईप बंद केला तेव्हा ते उठले, चष्मा सदऱ्याला पुसायला गेले तर सदरा ओला. मग माझ्या पदराकडं बघितलं, पण मागायचं धाडस झालं नाही. मला ते आवडलं.

त्यांची एक सवय लोकांना फार झोंबायची. ते काहीही एकदाच सांगायचे. एक बोट वर करायचे, सांगायचे, आणि बोट खाली. परत विचारलं तर म्हणायचे, “मगाशी दिलं की. कुठं सांडलासा?” पॅकिंगचा सुपरवायझर त्यांना तोंडावर म्हणाला होता, की तुम्ही लग्नात मंगलाष्टकंसुद्धा एकच म्हणायला लावाल. सर म्हणाले, एकानं लग्न लागत असेल तर बाकीची कशाला.

ते यायच्या आधी डेअरीत निरोप द्यायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे भोंगा. टँकर आला, लाईट जाणार, बस सुटणार, सगळं भोंग्यातून. ज्याचा संबंध नाही त्याचेही कान फुटायचे, म्हणून शेवटी कुणीच ऐकत नव्हतं. दुसरी तऱ्हा म्हणजे फोन. ऑफिसातला माणूस एकेका विभागाला फोन करून तेच ते सांगायचा. दहाव्या विभागाला सांगेपर्यंत पहिल्याला सांगितलेलं शिळं व्हायचं.

सरांनी जागोजाग स्क्रीन बसवले आणि भिंतींवर वायरींचे डबे लावले. निरोप कंट्रोल रूममधून एकदाच निघायचा आणि ज्यांना पाहिजे त्या सगळ्यांकडं एका दमात पोचायचा. त्याला ते मल्टिकास्ट म्हणायचे. चहाच्या वेळी त्यांनी ते आम्हा बायकांना समजावलं. साहेब लोकांना समजावताना ते कंटाळायचे, आम्हाला समजावताना कंटाळत नव्हते. कारण आम्ही कळल्याशिवाय मान डोलवत नव्हतो.

ते म्हणाले, “दुधाची मोठी टाकी बघा. दहा मशीनला दहा पाईप सोडल्यात काय? एकच निघतो. पुढं जिथं फाटा फुटतो तिथं दोन होतात. ज्या मशीनचा व्हॉल्व उघडा तिकडं दूध जातं, बंद असंल तिकडं जात न्हाई. निरोपाचं तसंच. कंट्रोल रूममधून एकच निघणार. फाट्यावरचा डबा बघणार, कुणाकुणाला पाहिजे हाय, आणि तिथंच त्याच्या प्रती काढणार.”

मी म्हटलं, “मग ते दुधासारखं न्हाई.”

“का?”

“दूध दोघांत वाटलं की निम्मं हुतंय. निरोप दोघांत वाटला तरी दोघांस्नी अख्खाच मिळतोय.”

ते तसेच उठले. मग ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगून आले, की हौसाक्कानं माझं उदाहरण मोडलं. माझं नाव हौसाबाई. अक्का म्हणजे त्यांच्याकडं थोरली बहीण. त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले. नवीन काही बसवलं की आधी मला दाखवायचे आणि विचारायचे, “मोडतंय काय बघा.”

एकदा खरोखर मोडलं. बायकांना बस किती वाजता लागणार ते आधी कळावं म्हणून त्यांनी एक वेगळा गट केला होता. ज्या स्क्रीनवर बटण दाबून सांगाल की आम्हाला बसचे निरोप पाहिजेत, त्याच स्क्रीनवर ते यायचे. दिवाळीची सुट्टी झाली, आम्ही कामावर आलो, तर बसचा निरोपच येईना. बस निघून गेली. आम्ही अकराजणी हायवेपर्यंत चालत गेलो आणि वडापची जीप धरून घर गाठलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं.

ते म्हणाले, तो डबा थोड्या थोड्या वेळानं विचारत असतो, इकडं कुणी ऐकतंय काय. सुट्टीत कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं तुमच्याकडची फांदी, म्हणजे तुमच्याकडं येणारा फाटा, छाटली. फुकट कशाला पाठवायचं? परत पाहिजे तर परत बटण दाबायचं.

मी म्हटलं, “घरातलं माणूस चार दिस गप बसलं म्हणून त्याचं ताट वाढायचं बंद करतासा काय?”

“अक्का, त्यो डबा हाय. त्याला माणूस ठाऊक न्हाई.”

“तुम्हाला ठाऊक हाय न्हवं?”

ते हसले. मीही विषय सोडला. आता वाटतं, सोडायला नको होता.

पुढं त्यांचं लग्न ठरलं. आता यात त्यांचा स्वभाव बघा. प्रत्येक विभागाच्या स्क्रीनवर त्यांनी एक निरोप टाकला, ‘माझे लग्न आहे, सर्वांनी यावे,’ आणि तारीख, गाव, वेळ. खाली ते बटण. एकेका विभागातून एकानं दाबलं, सगळीकडून उत्तर आलं, आणि सर निवांत झाले. सगळे येणार म्हणून घरी सांगितलं, जेवणाचा अंदाज दिला.

पॅकिंगमधल्या आम्ही बत्तीसजणी. आमच्यातली एकही जाणार नव्हती. सुपरवायझरनं त्यांना सांगितलं, तेव्हा ते धावत आले. काय चुकलं त्यांना कळेना. मालननं सांगितलं. मालन एरवी लाजरी, पण त्यांच्याशी बोलायची. ती म्हणाली, “सर, अक्षता कुठं हायत?”

“म्हणजे?”

“अक्षता हातात दिल्याबिगर आम्ही कुणाच्या लग्नाला जात न्हाई. भिंतीवर लिव्हलं ते वाचलं आम्ही. बोलवणं आलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ते घरून वाटीभर अक्षता घेऊन आले. पॅकिंगची रांग जशी बसायची तशी, एकीपुढं जाऊन उभे राहायचे, नाव विचारायचे, तळहातावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचे, “यायचं हं.” बत्तीस वेळा. एकदाच सांगणारा माणूस बत्तीस वेळा तेच म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला दिल्या, माझ्यानंतर मालनला दिल्या, कारण आम्ही शेजारी असायचो. नावं त्यांनी एका कागदावर लिहून घेतली, कारण जेवणाचा अंदाज चुकला होता. तो कागद त्यांनी पुढं जपून ठेवला. आम्ही सगळ्या लग्नाला गेलो. जेवण चांगलं होतं. बायको त्यांच्यापेक्षा उंच होती.

आता त्या बटणाचं. डेअरीत वर्षातून दोनदा सराव असायचा. घंटा झाली की सगळ्यांनी काम टाकून गेटजवळच्या शेडमध्ये जमायचं आणि हजेरी द्यायची. हजेरीला अर्धा तास जायचा, नावं ओरडायची, कुणी ऐकत नसायचं, बायका उन्हात बसकण मारायच्या. मॅनेजर सरांना म्हणाले, तुमचे डबे एवढे हुशार आहेत तर हे लवकर करून द्या.

सरांनी करून दिलं. डबे जसे आपसात विचारतात तसंच माणसांना विचारायचं. एका विभागात तीन स्क्रीन असतील तर तिन्हीवर एकदम प्रश्न येणार, ‘कोण आहे?’ जो आधी दाबेल त्याचं उत्तर जाणार. ते गेलं की बाकीच्या दोन्हीवरचा प्रश्न पुसला जाणार, मग तिथं बटण दाबलं तरी ते धरलं जाणार नाही. सगळ्यांनी एकदम बोलून वायर भरून टाकायची नाही. पॅकिंगचा एक स्क्रीन हॉलमध्ये होता, एक कोल्ड रूमच्या आत आणि एक गेटजवळच्या शेडमध्ये.

त्यांनी बोट वर करून सांगितलं, “एकदाच विचारायचं, एकानंच उत्तर द्यायचं.” पुढच्या सरावाला हजेरी चहा ओतायच्या आत झाली. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. उन्हात बसायचं वाचलं होतं. त्या दिवशी सरांनी मला विचारलं होतं, “अक्का, मोडतंय काय?” मी म्हटलं, न्हाई, चांगलं हाय. हे मी मुद्दाम लिहिते. पुढं सगळे त्यांनाच दोष देत होते. मला विचारलं होतं, मी चांगलं आहे म्हटलं होतं.

अमोनिया सुटला तो सकाळच्या पाळीत, अकराच्या सुमाराला. बोळातल्या नळीचा व्हॉल्व फुटला. घंटा झाली आणि पॅकिंगमधल्या बायका पुढच्या दारानं पळाल्या. गेटच्या शेडमध्ये आधी पोचली ती कमल. शिकवलं होतं तसं तिनं समोरचं पिवळं बटण दाबलं. पॅकिंगचं उत्तर गेलं. त्याच क्षणाला आतल्या स्क्रीनवर, माझ्या हाताखाली, प्रश्न पुसला गेला. सगळ्या विभागांची उत्तरं आली. मॅनेजर म्हणाले, सगळे बाहेर आहेत. सगळ्यांना रस्त्यावर काढून गेट लावलं. अग्निशमनची गाडी बोलावली. कुणीतरी पाण्याची घागर फिरवली.

सर कंट्रोल रूममध्ये होते. ती गेटला लागून, बाहेरच्या अंगाला होती, वारा दुसरीकडं होता. तिथलं मशीन आणि भिंतींवरचे डबेही बॅटरीवर चालायचे, आणि त्या मशीनमध्ये एक यादी उमटायची. कुठल्या विभागाचं उत्तर कधी आलं ते त्यात असायचंच, पण त्याखाली आणखी एक असायचं, पहिलं उत्तर आल्यावर जे मागून आलं आणि मशीननं टाकून दिलं त्याची नोंद. त्या यादीचा सरांना अभिमान होता. बघा, एवढी बडबड वाचवली, असं ते दाखवायचे.

त्या दिवशी त्यांनी सवयीनं ती यादी बघितली. ‘पॅकिंग, स्क्रीन दोन, जादा उत्तर, टाकले.’ त्याच्याखाली परत तेच. त्याच्याखाली परत तेच. एकाखाली एक सहासात ओळी. स्क्रीन दोन म्हणजे कोल्ड रूम.

ते मला नंतर म्हणाले, “अक्का, एक ओळ असती तर म्हटलो असतो, पळता पळता कुणाचा हात लागला. तुम्ही हाणत हुतासा म्हणून कळलं.”

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता. गोणपाट घागरीत बुडवून डोक्यावर घेतलं आणि लावलेलं गेट चढून आत उडी मारली. मालन त्यांना बोळात सापडली. ती भिंतीला धरून निम्म्यापर्यंत आली होती आणि पडली होती. तिला त्यांनी बगलेत हात घालून ओढत दारापर्यंत आणलं. तिला बोलता येत नव्हतं. तिनं त्यांच्या सदऱ्याची मूठ धरली आणि मागं आत बोट दाखवलं. ते परत आत आले.

दार मी तोवर लावून घेतलं होतं आणि क्रेटांच्या मागं, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, ओला पदर तोंडावर धरून बसले होते. दार वाजलं. बाहेरून आवाज आला, “हौसाक्का, हाय काय?”

मी म्हटलं, “हाय.”

त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचं गोणपाट माझ्यावर टाकलं. त्यांच्या डोक्यावर काही राहिलं नाही. बोळ चाळीस पावलांचा होता. मी ती मोजलेली होती, रोज क्रेट ढकलत होते. त्या चाळीस पावलांत त्यांचा घसा गेला.

मालन चौथ्या दिवशी दवाखान्यात वारली.

चौकशीला सरकारी साहेब आले. मॅनेजरनं सरांना आधी बाजूला घेतलं होतं. सांगितलं होतं, की मशीन बरोबर चाललं, बायकांनी नियम पाळला नाही, एवढंच म्हणायचं. मी तिथंच बाकावर बसले होते, मला चौकशीला बोलावलं होतं. सर आत गेले. दार उघडंच होतं. त्यांचा आवाज घोगरा, फाटलेला, शेजारच्या माणसालाही नीट ऐकू न येणारा झाला होता. ते म्हणाले, “मशीन बरोबर चाललं. बायांनी नियम पाळला. नियम माझा होता, तो चुकीचा होता.”

साहेबांनी विचारलं, कसा चुकीचा? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलं आहे. “निरोप कुठल्या फांदीवर पाठवायचा, एवढंच डब्याला कळावं लागतं. त्यासाठी एकाचं उत्तर पुरतं. तो प्रश्न निरोप पाठवायचा होता. मी तो माणसं मोजायला वापरला.”

साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगायला सांगितलं. सरांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

कमलला लोक टोचून बोलायला लागले. दोघींना आत ठेवून हाय म्हणून सांगितलीस, असं एकजण तिला बसमध्ये म्हणाला. तिनं नोकरी सोडायचं ठरवलं. सर बसच्या दारात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “कमलनं मी शिकवलं तेच केलं. बोलायचं असंल तर मला बोला.” हेही दोनदा म्हणावं लागलं. कमल राहिली.

दहाव्या दिवशी ते मालनच्या घरी गेले. मी बरोबर होते. मालनला नवरा नव्हता, घरात सासू. म्हातारी जोत्यावर बसली होती. सर खाली, पायरीवर बसले, उकिडवेच. मग म्हातारीनं विचारलं, “आमच्या मालनला मोजलंच न्हाई व्हय कुणी?”

दुसरा कुणी असता तर काहीतरी सांगत बसला असता. मीसुद्धा तोंड उघडणार होते. सर म्हणाले, “न्हाई मोजलं, अव्वा.”

म्हातारी उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ते पाणी प्याले. गिळताना त्यांना दुखत होतं ते दिसत होतं. आम्ही निघालो.

त्यानंतर हजेरी नावानं सुरू झाली. निरोप अजून एकदाच निघायचा, एकाच वायरीनं, पहिल्यासारखाच. पण सरावाला प्रत्येक माणसानं स्वतःचं उत्तर स्वतः द्यायचं. सर शेडमध्ये कागद घेऊन उभे राहायचे आणि एकेक नाव घ्यायचे. आमचा कागद म्हणजे तोच, अक्षतांचा, खाली नव्या आलेल्यांची नावं जोडलेला. त्यांचा आवाज पोचायचा नाही, मग परत घ्यायचे. परत अर्धा तास जायला लागला. मॅनेजरनं विचारलं, एकदा म्हटलेलं चालत नाही का. सर म्हणाले, चालत नाही. लोक म्हणायचे, घशामुळं बिचाऱ्याला सगळं दोनदा सांगावं लागतं. घसा बरा असता तरी त्यांनी दोनदाच सांगितलं असतं, असं मला वाटतं. एक बोट वर करायचं त्यांनी कायमचं सोडलं होतं.

पहिल्या काही सरावांत ते मालनचं नाव घ्यायचे. माझं नाव, मी हाय म्हणायची, मग मालनचं नाव, मग काही नाही. बायका माना खाली घालायच्या. नवीन आलेल्या पोरी घाबरायच्या. एक दिवस मी कंट्रोल रूममध्ये गेले आणि म्हटलं, “सर, ते नाव काढा. मेलेल्या माणसाला हाक मारून आम्हाला काय मिळतंय?”

त्यांनी पेन घेतलं आणि माझ्यासमोर नाव खोडलं. पुढच्या सरावाला माझ्या नावानंतर ते एक नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले, मग पुढचं नाव घेतलं.

पुढं डेअरी बंद झाली. का झाली ते मालकाला ठाऊक. शेवटच्या दिवशी मशीन धुऊन, टाक्या उघड्या ठेवून आम्ही शेडमध्ये आलो. मॅनेजर आलेच नाहीत. सर कागद घेऊन उभे होते. कडा झिजलेल्या, मध्ये चिकटपट्टी लावलेला तोच कागद. ते म्हणाले, नाव घेतलं की हाय म्हणायचं आणि गेटबाहेर जायचं. एकेक नाव घेत गेले. बायका हाय म्हणायच्या आणि जायच्या. कुणी रडलं, कुणी नाही. माझं नाव आलं. मी हाय म्हटलं. ते थांबले. मी थांबले नाही, बाहेर जाऊन बसमध्ये बसले.

खिडकीतून शेड दिसत होती. सगळी नावं संपली, शेड रिकामी झाली, आणि सर तिथंच उभे राहिले होते, कागदाकडं बघत. बस चालू झाली. माझ्या लक्षात आलं, की त्या कागदावर त्यांचं नाव नाही, ते घेणारं कुणी नाही. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडले, “ईराण्णा सर, हाय काय?”

त्यांनी वर बघितलं. आवाज आला नाही, तो येणारच नव्हता. हात वर केला. मला पुरलं नाही. मी परत ओरडले. तेव्हा त्यांनी तोंडानं उत्तर दिलं. बसच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. “हाय.”

त्यानंतर मी त्यांना बघितलेलं नाही. गावी दुकान बघतात असं ऐकलं.

त्या दिवशी कोल्ड रूममध्ये आम्ही दोघी होतो, आणि आमच्यासाठी आत आलेले एक. मालन वारली. ईराण्णा सर वाचले. मी वाचले.